वीतभर रुंदीची बाजू

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षे, असा तिथला नियम. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्यापिवळ्या फियाटची जात मुंबईच्या रस्त्यावरून उठली. तेव्हापासून तिच्यावर मृत्युलेखांची जी झड लागली आहे, ती अजून थांबायला तयार नाही. कोणी तिच्या मीटरवर लिहितो, कोणी छतावरच्या कॅरिअरवर, कोणी आतल्या फुलाफुलांच्या रेक्झिनवर. गेलेल्याबद्दल चार शब्द बरे बोलावेत ही आपली रीत आहे, आणि फियाटबद्दल बरे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तेव्हा मृत्युलेखांशी माझे भांडण नाही.

भांडण आहे ते या लेखांत हमखास येणाऱ्या एका परिच्छेदाशी. फियाटची थोरवी सांगून झाली की लेखकाला तुलनेला कोणीतरी लागते, आणि मग अँबॅसिडरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. आरोपपत्र ठरलेले आहे. जड, मंद, पेट्रोलची तहानलेली, ब्रेकला कच्ची, वळायला आळशी. मंत्री आणि कलेक्टर यांना बसायला बरी. चार ओळींत निकाल लागतो आणि लेखक पुन्हा गिरगावाच्या नाक्यावर परततो. हा निकाल मुंबईच्या डांबरावर, मुंबईच्या गरजेने, मुंबईच्या दोन-तीन उतारूंना समोर ठेवून लागलेला आहे. तो साऱ्या महाराष्ट्राच्या माथी मारण्याचा अधिकार या मंडळींना कोणी दिला? मी कणकवलीचा माणूस. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी आहे तिथे माझे आयुष्य गेले, आणि दोन्ही गाड्यांत मी पोटभर बसलो आहे. या निकालाविरुद्ध हे माझे अपील समजावे.

अपिलात आधी प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडावे लागते. ते मी हातचे न राखता मांडतो.

फियाट हे यंत्र म्हणून उजवे होते. इटलीच्या फियाट कंपनीची ही ११०० जातीची मोटार १९५४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागली. १९६४ च्या सुमारास तिचे जे चौकोनी रूप आले, तेच पुढे मुंबईच्या टॅक्सीचे रूप झाले. १९७४ मध्ये तिला चितोडच्या राणीचे नाव मिळून ती ‘पद्मिनी’ झाली. लोकांनी मात्र तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले. इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. गाडीचे वजन नऊशे किलोच्या आसपास. अंग हलके, हात हलका, ब्रेक विश्वासाचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, तो दोन बोटांनी फिरावा इतका सुरेख. गर्दीत ती मासोळीसारखी शिरे. लिटरला बारा-तेरा किलोमीटर जाते असे चालक सांगत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नसे. मोकळ्या रस्त्यावर दोन माणसांना घेऊन जायचे असेल तर आजही मी डोळे मिटून फियाटचे दार उघडीन.

आता दुसरी बाजू. अँबॅसिडर म्हणजे इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. बंगालमधल्या उत्तरपाड्याला, बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये, १९५७ च्या सुमारास ती निघाली. तिचे पेट्रोल इंजिन पुढे १४८९ घन सेंटिमीटरचे आणि सुमारे ५० अश्वशक्तीचे झाले. वजन अकराशे किलोच्या वर. मोटारीच्या कारखान्यात घडवलेली वस्तू जशी नेटकी दिसावी तशी ती कधी दिसली नाही. नव्या गाडीचे दारसुद्धा दोनदा आपटावे लागे. ब्रेक दाबला तर ती विचार करून थांबे. लिटरला आठ-नऊ किलोमीटर. हे सारे मला मान्य आहे आणि कागदावर फियाट जिंकते हेही मान्य आहे.

पण कागदावरची एक गोष्ट या लेखकांनी वाचलेली दिसत नाही. फियाटची रुंदी सुमारे एक मीटर शेहेचाळीस सेंटिमीटर, अँबॅसिडरची सुमारे एक मीटर सहासष्ट. फरक वीस सेंटिमीटर. म्हणजे आपल्या जुन्या मापाने एक वीत, तीही लहान हाताची. लांबीतही अँबॅसिडर हातभराला थोडी कमी इतकी पुढे. माझे सारे म्हणणे या एका वितीवर उभे आहे. मुंबईकराला ती वीत अडचणीची वाटली, कारण त्याला बसच्या बगलेतून निसटायचे होते. आम्हांला त्या वितीत एक माणूस बसवायचा होता.

हे समजायला कणकवली थोडी समजून घ्यावी लागेल. मुंबई-गोवा रस्त्यावरचे, गड आणि जानवली या दोन नद्यांच्या सोबतीने वाढलेले हे बाजाराचे गाव. आज गावाच्या डोक्यावरून चौपदरी रस्त्याचा उड्डाणपूल गेला आहे आणि गाड्या खाली न बघता गोव्याला पळतात. पण या रस्त्यापासून डावीउजवीकडे जे फाटे फुटतात, त्यांवर खरी वस्ती आहे. पूर्वेला फोंडाघाट, नरडवे, भिरवंडे अशी सह्याद्रीच्या पायाशी टेकलेली गावे. पश्चिमेला आचऱ्यापर्यंत, मालवणपर्यंत उतरत जाणारा मुलूख. गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. दहा-बारा वाड्या, एक वाडी डोंगरावर तर दुसरी व्हाळापलीकडे. वाटा जांभ्या दगडाच्या. उन्हाळ्यात तांबडी धूळ, पावसाळ्यात तांबडा चिखल. एस. टी. यायची ती रस्त्याच्या तोंडाशी, दिवसातून एकदा-दोनदा, आणि पाऊस लागला की तीही नाही.

अशा गावात मोटार कशाला लागते? बाळंतीण अडली, रात्री कोणाला फुरसे चावले, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, म्हणून लागते. चतुर्थीला मुंबईचा चाकरमानी ट्रंका, बोचकी, दोन पोरे आणि एक आजी घेऊन उतरला, म्हणून लागते. लग्नाचे वऱ्हाड न्यायचे, आंब्याच्या पेट्या वेळेवर गाडीला घालायच्या, मुंबईत वारलेल्या माणसाच्या दिवसांना माहेरवाशिणींना गोळा करायचे. यांतले एकही काम दोन उतारूंचे नाही. आजारी माणसाबरोबर चार माणसे जातात, कारण एकाने त्याला धरायचे, एकाजवळ पैसे, एकाला कोल्हापुरातले इस्पितळ माहीत, आणि चौथी त्याची बायको, तिला कोण मागे ठेवणार?

म्हणून आमच्याकडे गाडीची परीक्षा वेगळ्या प्रश्नाने होई. माझा एक आतेभाऊ मुंबईत फियाट टॅक्सी चालवीत असे, आणि आमच्या वाडीशेजारच्या एका गृहस्थाची स्वतःची अँबॅसिडर भाड्याने चाले. चतुर्थीत दोघे अंगणात बसले की दरसाल हाच वाद. आतेभाऊ म्हणे, “तुजी गाडी म्हणजे म्हस. खाता किती नि चलता किती!” आणि तो शांतपणे सांगे, “म्हस ती म्हसच. पण घरातली धा माणसां तिच्यावरच जगतत.” वाद फारच तापला तर तो एवढेच म्हणे, “किती धावता ता माका सांगू नको. माणसां किती घेता ता सांग.” मला या वाक्यात मोटारशास्त्राचा जेवढा अर्क सापडला, तेवढा चकचकीत मासिकांतल्या परीक्षणांत सापडला नाही.

आता हाच प्रश्न आकड्यांना विचारून पाहू. फियाट लिटरला बारा किलोमीटर, अँबॅसिडर नऊ. अ‍ॅव्हरेज विचारणारा इथेच थांबतो. पण फियाटमध्ये चालक सोडून चार माणसे नीट बसत. अँबॅसिडरमध्ये मागे चार आणि पुढच्या सलग बाकावर चालकाशेजारी दोन, अशी सहा. बारा चोक अठ्ठेचाळीस. नऊ सक चौपन्न. एका लिटरमध्ये माणसामागे जास्त वाट कोण चालली? शिवाय फियाटमधून राहिलेली दोन माणसे रस्त्यावर उभी आहेत आणि त्यांच्यासाठी दुसरी खेप करावी लागणार आहे, ते पेट्रोल या हिशेबात मी धरलेलेच नाही. परवान्यावरची आसने वेगळी आणि रस्त्यावरची माणसे वेगळी, हे मी जाणतो. कोंबाकोंबीचे समर्थन मी करीत नाही. पण जी कोंबाकोंबी गरजेने अटळ होती, ती कोणत्या गाडीने सोसली, एवढाच इथे प्रश्न आहे.

शक्तीचेही तेच. रिकाम्या फियाटमध्ये एका अश्वशक्तीच्या वाट्याला साडेबावीस किलो वजन येते. रिकाम्या अँबॅसिडरमध्ये बावीसच्या आसपास. म्हणजे रिकाम्या गाड्यांची कुस्ती बरोबरीत सुटते. फियाट चपळ वाटते ती तिच्या हलक्या हातामुळे. आता दोघींत माणसे आणि सामान मिळून पाचशे किलो भरा. फियाटच्या एका अश्वशक्तीवर पस्तीस किलो आले, अँबॅसिडरच्या बत्तीस. ओझे वाढले तशी अँबॅसिडर पुढे सरकली. वर तिचे मोठे इंजिन कमी फेऱ्यांत जोर धरणारे, फियाटचे इंजिन जोर दाखवायला जास्त फेऱ्या मागणारे. रिकामी गाडी चालवून जो परीक्षा घेतो त्याला हे कधी कळायचे नाही. आमच्याकडे रिकामी गाडी फक्त परत येताना असे.

आता फोंड्याचा घाट घ्या. कणकवलीहून कोल्हापूरला जायचे तर फोंडाघाट गाव सोडल्यावर सह्याद्री अंगावर येतो आणि दाजीपूरच्या जंगलापर्यंत रस्ता वळत वळत चढतो. पावसाळ्यात त्या घाटात ढग रस्त्यावर उतरतात. पुढच्या वळणाचा दगड दिसत नाही, फक्त पाण्याचा आवाज येतो. भरलेली फियाट तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरात रडकुंडीला येई आणि अर्ध्या घाटात पाण्यासाठी उभी राही. अँबॅसिडरही तापे, नाही असे नाही. तिच्या डिकीतही पाण्याचा डबा असेच. पण ती दुसऱ्या गिअरात, बैल ओढतो तशी, एका लयीत चढे. उतरताना मात्र फियाटचा वरचष्मा, हे कबूल करायला हवे. ड्रम तापले की अँबॅसिडरचा ब्रेक लोण्यासारखा होई. यावर आमच्या चालकांचा नियम होता, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. हा नियम ज्यांनी पाळला ते म्हातारे होऊन मेले. ब्रेकची उणीव चालकाच्या संयमाने भरून निघते. पण मागच्या सीटवर आडव्या होऊ न शकणाऱ्या रोग्याची अडचण कोणाच्या संयमाने भरून निघत नाही.

कारण ती वीत इथे पुन्हा येते. अँबॅसिडरच्या मागच्या बाकावर गुडघे दुमडून माणूस निजू शके आणि त्याचे डोके मांडीवर घेऊन बसायला कोपऱ्यात एकीला जागा उरे. फियाटमध्ये त्याला बसवून, दोन्ही बाजूंनी धरून न्यावे लागे. कोल्हापूर असो, मिरज असो की गोव्यातले बांबोळी असो, घाटातून किंवा महामार्गाच्या खड्ड्यांतून तीन-चार तास असे बसून जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी धरून बसलेल्यांचे चेहरे पाहिले त्यांना विचारावे. मी पाहिले आहेत.

रस्त्याच्या खड्ड्यांबद्दलही दोन शब्द. दोन्ही गाड्यांना मागे पाटेच. पण पुढच्या चाकांना अँबॅसिडरमध्ये लांब पिळाच्या सळ्या, ज्यांना टॉर्शन बार म्हणतात, आणि वर तिचे स्वतःचे वजन. जांभ्याच्या उंचवट्यावरून ती डुलत जाई, फियाट उडत जाई. खाऱ्या वाऱ्याने पत्रा दोघींचाही सडला. समुद्राने पक्षपात केला नाही.

मग दुरुस्ती. अँबॅसिडरचे बॉनेट उघडले की आत इतकी जागा की मेस्त्री एक पाय आत टाकून आरामात काम करी. तिच्यात त्याला न कळणारे असे काही नव्हते. फियाटही साधीच, पण तिच्या इंजिनाला नेमकेपणा लागे; मोजमाप चुकले की ती रुसे. अँबॅसिडर अंदाजाने जुळवली तरी चाले. गॅस्केट नाही मिळाले तर कापून करायचे, पाटा तुटला तर लोहाराकडे न्यायचा. आणि पेट्रोल महागले तेव्हा आमच्या मेस्त्र्यांनी जे केले ते उत्तरपाड्याच्या इंजिनिअरांनाही अभिमान वाटावा असे होते. त्यांनी जुन्या अँबॅसिडरचे पेट्रोल इंजिन काढले आणि तिथे मॅटॅडोरचे डिझेल इंजिन बसवले. कारखान्याची डिझेल अँबॅसिडरही १९८० च्या सुमारास आली, पण ती मिळणार कोणाला आणि परवडणार कोणाला? बॉनेटखालची ती रिकामी जागा, जी मुंबईच्या टीकाकारांना बेढब वाटली, तिच्यातच दुसरे इंजिन मावले. पुढे पद्मिनीलाही कारखान्याने डिझेल इंजिन दिले. पण गल्लीतल्या मेस्त्र्याला स्वतःच्या हिंमतीवर असला फेरबदल करता येईल एवढी जागा फियाटच्या पोटात कधी नव्हती.

इथे काही जण अस्मितेचे शस्त्र काढतात. फियाट आपली, महाराष्ट्राची, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या कारखान्यातली, कुर्ल्याची; अँबॅसिडर बंगालची. कोकणच्या माणसाला तर आणखी एक गोष्ट ऐकवतात, की त्या कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये कामगारांची लढाई लढवणारे डॉ. दत्ता सामंत हे मालवणजवळच्या देवबागचे. गोष्ट खरी आहे. कुर्ल्याच्या घामाबद्दल मला आदर आहे. पण मूळ नकाशा एकीचा तुरीनचा, दुसरीचा ऑक्सफर्डचा; त्यात मराठीपण कुठले शोधायचे? माझ्या मते मराठीपण शोधायचेच असेल तर ते कोणती गाडी मराठी वाटेवर राबली यात शोधावे. त्या कसोटीने पद्मिनी मुंबईची लेक ठरेल, यात शंका नाही. पण तळकोकणच्या वाड्यांची लेक म्हणून अँबॅसिडरचे नाव लागलेच पाहिजे. दोघी बहिणी मानायला माझी हरकत नाही. एकीच्या श्राद्धात दुसरीची निंदा नको.

हे वाचून अँबॅसिडरचे भक्त खूश झाले असतील तर त्यांनीही जरा थांबावे. त्यांच्याशीही मला चार शब्द बोलायचे आहेत. अँबॅसिडरला ‘भारतीय रस्त्यांचा राजा’ वगैरे म्हणून कारखानदारांच्या गळ्यात जे हार घातले जातात, ते मला मंजूर नाहीत. १९५७ पासून २४ मे २०१४ रोजी उत्तरपाड्याचे काम थांबेपर्यंत सत्तावन्न वर्षे या गाडीचा चेहरा जवळपास तोच राहिला, तो तिच्यावरच्या प्रेमाने नव्हे. परवान्याच्या राज्यात तिसरा कोणी आत येऊ शकत नव्हता. मद्रासची स्टँडर्ड होती, पण ती या दोघींच्या पासंगाला पुरली नाही. गाडी नोंदवायची आणि वर्षानुवर्षे वाट बघायची. जो ग्राहक रांगेत उभाच आहे, त्याच्यासाठी ब्रेक सुधारण्याचे कष्ट कोण घेईल? १९६९ साली सरकारने मोटारींच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आणले तेव्हा मात्र हे कारखानदार तत्परतेने सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९७१ साली तिथे निकाल लागला. एरवी बाजारात एकमेकींच्या सवती असलेल्या फियाट आणि अँबॅसिडर किमतीच्या प्रश्नावर एकाच बाकावर बसल्या होत्या, हे दोन्हीकडच्या भक्तांनी ध्यानात ठेवावे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि या दोघींच्या जुन्या सुखाला तडा गेला. शेवटी २०१७ साली अँबॅसिडरचे नुसते नाव ऐंशी कोटी रुपयांना फ्रान्सच्या पेजो कंपनीला विकले गेले. गाडी गेली, नावाला किंमत आली.

तेव्हा माझे अपील कारखान्यासाठी नाही. इंग्लंडने आखलेली, बंगालने आळसाने घडवलेली ही गाडी कणकवलीच्या चालकाने आणि मेस्त्र्याने पुरी केली. कारखान्याने तिला एकच चांगली गोष्ट दिली होती, ती म्हणजे जागा. बाकीचे आम्ही घातले.

वादाला आज अर्थ आहे तो इथे. गाड्या गेल्या, चालकही बरेचसे गेले. मग कोण उजवी याने कोणाचे काय बिघडते? बिघडते ते असे. जुन्या मोटारी जपण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’. तिच्या सांगाड्यात, अंगात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. रस्त्यावर आणायची ती प्रदर्शनाला, मेळाव्याला आणि असल्याच मोजक्या कारणांना. दुसरीकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण सहाशेवरून पाच हजारांवर गेले. हे दोन नियम शेजारी ठेवून वाचा. जी अँबॅसिडर कोणा संस्थानिकाच्या किंवा कारखानदाराच्या पडवीत झाकून ठेवलेली होती, वर्षातून एकदा धुतली जात होती, ती इतिहास ठरेल. जिने नरडव्याच्या वाटेवर दोन इंजिने झिजवली, जिचा पत्रा तीन वेळा कापून लावला, जिच्या पोटात मॅटॅडोरचे काळीज आहे, ती भंगार ठरेल. जी राबली ती राबल्यामुळेच बाद!

धुराचे, अपघाताचे म्हणणे मला समजते. जुनी गाडी रस्त्यावरून काढली यावर मी रडत नाही. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली, तिच्यात प्राणवायू आहे, निजायला खाट आहे, डॉक्टर आहे; अँबॅसिडरच्या मागच्या बाकापेक्षा ती शंभर पटींनी बरी, हे सांगायला शहाण्याची गरज नाही. परंतु ती येण्याआधी पन्नासएक वर्षे हे काम कोण करीत होते, याची नोंद कुठेच नसावी? सरकारच्या दप्तरात ती नाही, कारण ती सरकारची गाडी नव्हती. मोटारींच्या इतिहासात ती नाही, कारण ते इतिहास पहिल्या विक्रीपाशी संपतात. साहित्यात तरी असावी, तर आमचे लेखक गिरगावाच्या नाक्यावर फियाटची वाट पाहत उभे!

मुंबईतली एखादी तरी पद्मिनी संग्रहालयात जपावी अशी मागणी २०२३ साली झाली. ती रास्तच होती. माझीही एक मागणी आहे, आणि ती रीतसर करतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात १ मे १९८१ पासून स्वतंत्र कारभार आहे, कणकवलीला नगरपंचायत आहे, पुढारी आहेत, आणि उद्घाटनांची हौस तर सर्वांना आहे. त्यांनी उड्डाणपुलाखालच्या सावलीत थोडी जागा काढावी आणि तिथे एक अँबॅसिडर उभी करावी. ती मूळ रूपातली अजिबात नसावी. तिला मॅटॅडोरचे इंजिन असावे, कॅरिअर पेट्यांच्या ओझ्याने वाकलेला असावा, डिकीत पाण्याचा डबा असावा, मागच्या बाकाचे रेक्झिन फाटून वर गोधडी घातलेली असावी. रंग लावू नये. आणि शेजारच्या पाटीवर अश्वशक्ती, वेग, अ‍ॅव्हरेज यांतले काही न लिहिता तिची रुंदी तेवढी लिहावी, सेंटिमीटरात.

फियाटच्या चाहत्यांनी कोकणात उतरताना ती पाटी वाचावी, गाडीत मागे चौघांनी बसून पाहावे, आणि मग पुढचा मृत्युलेख लिहायला घ्यावा.